हार घातलेलं घमेलं

मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. माझ्या बुडाला दोन भोकं पडली आहेत, काठ चेपले आहेत आणि एका अंगाला असा गंज चढला आहे की बोट लावलं तर पापुद्रा हातात येतो. लोणावळ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, एका झोपडीच्या कुडाला टेकून मी पडलेलो असतो.

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. यातून काय काय वाहिलं असेल, असं तुमच्या मनात येईल. वाहिलं, सगळं वाहिलं. शेण वाहिलं, घोड्यांची लीद वाहिली, कुजलेली फळं वाहिली, मेलेली घूस वाहिली. त्यातल्या कशाचीही मला किळस आली नाही. ते माझं कामच होतं. पण माझ्या आयुष्यात एक दिवस असा उगवला की मला स्वतःचीच शिसारी आली. गंमत अशी की त्या दिवशी माझ्या अंगावर घाणीचा कणसुद्धा नव्हता. मला राखेने घासून लख्ख केलं होतं आणि झेंडूचा हार घातला होता. ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू व्हायचं होतं. आम्ही चाळीस घमेली एकात एक बसवून, सुतळीने आवळून मालगाडीत चढवले गेलो आणि घाट चढून लोणावळ्याला उतरलो. तिथे धरणाचं काम चाललं होतं. हजारो माणसं डोंगराच्या कुशीत माती उपसत होती. मी ज्या बाईच्या वाट्याला आलो, ती तिकोणा पेठेची विठाबाई. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून ती मला दिवसभर वाहायची. संध्याकाळी काम सुटलं की बाकीच्या बाया घमेली तशीच फेकून चूल पेटवायला पळत. विठाबाई मात्र मूठभर गवत घेऊन मला आतून-बाहेरून पुसायची. "ज्याच्यावर पोट हाय, त्ये असं घाण ठेवू न्हाई," असं ती शेजारणीला म्हणायची. माझी जी काही इज्जत आहे, ती तिने केली.

धरण उभं राहिलं, विठाबाई गावी गेली. मला जुन्या हत्यारांच्या ढिगातून एका शाळेने उचललं. शाळेच्या भिंती बांधल्या तेव्हा मी चुना-वाळू वाहिली. भिंती झाल्या आणि मी मागच्या पत्र्याच्या खोपीत गेलो. पुढची किती तरी वर्षं माझं काम एवढंच होतं की शाळेचा शिपाई बजरंग पाचोळा लोटायचा आणि माझ्यात भरायचा. उरलेला वेळ मी खोपीत, पावसाळ्यात माझ्यात बेडकं बसायची. परंदवडीचा बजरंग माणूस चांगला, पण मला पुसायची सवय त्याला नव्हती.

असंच सदतीस साल उजाडलं. त्या वर्षी शाळेत विद्यार्थी मंडळ निघालं. मुलांनी मुलांमधूनच प्रमुख निवडायचा आणि मंडळाने गावासाठी काही सेवा करायची, अशी ती कल्पना होती. हेडमास्तर माधवराव फार उत्साहात होते, कारण तालुक्यातल्या ज्या शाळेची सेवा सगळ्यांत चांगली, तिला दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, चांदीची ढाल देणार होते.

मुलांमध्ये दोन तट होते. एक गंगाधरचा, एक बाजारातल्या पोरांचा. दोघांनी एकमेकांची मतं फोडली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना प्रमोदिनी निवडून आली. सगळ्या शाळेत मुली पाच, त्यातली ही एक. मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होती. तिचे वडील रेल्वेत तारबाबू. अंगाने किरकोळ, पण एकदा ओठ मिटले की मग ऐकायची नाही. मुलं तिच्या पाठीमागे हसत, आणि ते तिला ठाऊक होतं.

मंडळाची पहिली सभा खोपीसमोरच्या आंब्याखाली भरली, म्हणून मला सगळं ऐकता आलं. काय सेवा करावी, हे ज्याने त्याने सुचवायचं होतं. कुणी म्हणालं, उन्हाळ्यात स्टेशनावर पाणपोई घालू. कुणी म्हणालं, बाजाराच्या दिवशी अडाणी माणसांना पत्रं लिहून देऊ. आसपासच्या खेड्यांतून चालत येणाऱ्या मुलांसाठी जुनी पुस्तकं जमवू, असं गंगाधर म्हणाला. एकाने तिकोणा किल्ल्याच्या पायऱ्यांवरचं गवत काढायचं सुचवलं. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा प्रमोदिनी म्हणाली, "बाजारामागचं गटार."

मग मागून एकजण म्हणाला, "उतरणार कोण त्यात?"

"मी," ती म्हणाली.

त्या गटाराविषयी तुम्हाला सांगितलं पाहिजे. टांग्यांच्या अड्ड्यावरची लीद, खाणावळींचं खरकटं, भाजीवाल्यांचा सडका माल, कोंबड्यांची पिसं आणि आतडी, हे सगळं वर्षानुवर्षं त्यात लोटलं जात होतं. वर हिरवी-काळी साय धरली होती. काठीने ती साय फोडली की आतून बुडबुडे यायचे आणि असा भपका सुटायचा की घोडीसुद्धा मान फिरवायची.

तीन रविवार काम करायचं ठरलं. प्रमोदिनीने घरी बसून सगळ्यांसाठी दंडाला बांधायच्या पांढऱ्या फिती केल्या. प्रत्येक फितीवर तांबड्या दोऱ्याने 'सेवा' अशी दोन अक्षरं भरली. पहिल्या रविवारी बजरंगने मला खोपीतून काढलं आणि मी तिच्या हातात आलो. ती पदर खोचून गटारात उतरली, फावड्याने पहिला रेंदा माझ्यात ओतला, आणि लगेच काठावर येऊन भडाभडा ओकली. मुलं खिदळली. तिने तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली आणि पुन्हा आत उतरली. मग कुणी हसलं नाही. गंगाधर धोतर वर बांधून तिच्या शेजारी उभा राहिला. तासाभरात बावीस मुलं गटारात होती. त्या दिवशी मला खरा अभिमान वाटला. किती वर्षांनी मी पुन्हा कामाचा झालो होतो.

उपसलेली घाण गंगाधरच्या मामाची बैलगाडी न्यायची. गावाबाहेर त्याचं पडीक रान होतं, तिथे खताचा खड्डा खणला होता. दोन रविवार हे सगळं नीट चाललं. तिसऱ्या रविवारी शेवटचा रेंदा निघाला, गटाराचा तळ दिसला, आणि गाडी आली नाही. बैलाचा खूर सुजला होता. रस्त्याच्या कडेला कमरेएवढा ढीग, त्यावर माश्यांचं मोहोळ. आणि दिपोटी साहेब दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने यायचे होते.

माधवराव नाकाला रुमाल लावून आले. त्यांनी ढीग पाहिला, रस्ता पाहिला. बाजूलाच फरशीचा छोटा पूल होता आणि पुलाखाली ओढा.

"ओढ्यात ढकला," ते म्हणाले. "दोन महिन्यांत पाऊस लागेल, सगळं धुऊन जाईल."

बजरंग हातातलं फावडं टेकून उभा होता. तो म्हणाला, "सर, खालच्या अंगाला वस्तीचा झिरा हाय."

झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाझरून येणारं पाणी वाटीवाटीने भरून घ्यायचं. त्या वस्तीतल्या माणसांना लोक अस्पृश्य मानत. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत, शाळेच्या विहिरीवरही नाही.

"ओढा तर कोरडा पडलाय," माधवराव म्हणाले. "कोरड्या ओढ्यातून घाण चालत जाणार आहे का?"

"वरनं कोरडा दिसतोय, सर. वाळूखालनं पाझर हाय. त्योच त्यांच्या झिऱ्यात उतरतोय."

गंगाधर म्हणाला, "आपण उद्याचा दिवस ढीग पोत्यांनी झाकून ठेवू. मामाला दुसरा बैल मिळाला की परवा नेऊ."

माधवरावांनी प्रमोदिनीकडे पाहिलं. "प्रमुख तू आहेस," ते म्हणाले. "तू ठरव."

मित्रांनो, मोठ्या माणसाने आपल्या अंगावरचं असं झटकून लेकराच्या अंगावर टाकणं, याच्याइतकं गलिच्छ त्या गटारातही काही नव्हतं. पण प्रमोदिनीलाही मी सोडणार नाही. तिने बजरंगचं बोलणं ऐकलं होतं. ती ढिगाकडे पाहत राहिली. तीन रविवारांचं काम, आणि साहेबांना काय दाखवायचं, तर पोत्यांनी झाकलेला उकिरडा. मुलं पुन्हा हसली असती. मुलीला प्रमुख केलं की असंच होतं, असं म्हणाली असती.

"ओढ्यात," ती म्हणाली.

पहिली खेप तिनेच टाकली. पुलाच्या कडेला उभी राहून तिने मला उलटं केलं. काळा रेंदा दगडांवर आपटला आणि हळूहळू खाली सरकत गेला. गंगाधर फावडं टाकून घरी निघून गेला. बाकीच्यांनी दिवस मावळायच्या आत ढीग संपवला. मी किती खेपा केल्या, हे मी मोजलं नाही. मला मोजवेना.

दुसऱ्या दिवशी बजरंगने मला चिंच आणि राख लावून घासलं. इतकं तर विठाबाईनेही घासलं नव्हतं. मग मला शाळेच्या पटांगणात टेबलावर मांडलं, कुंकवाची बोटं ओढली आणि झेंडूचा हार घातला. एका बाजूला मी, एका बाजूला चांदीची ढाल. 'श्रमाची पूजा' असं माधवराव म्हणाले. दिपोटी साहेबांनी गटार पाहिलं, तळ पाहिला, आणि फार आनंदाने भाषण केलं. त्यांना कुणी ओढा दाखवला नाही. नंतर फोटो काढला. प्रमोदिनी मधोमध, दंडाला फीत नाही, कारण तिची फीत आदल्या दिवशीच्या गडबडीत कुठे तरी सुटून पडली होती. ती टाळ्या ऐकत होती, पण तिची नजर पुन्हा पुन्हा माझ्याकडे वळत होती आणि मग पटकन दुसरीकडे जात होती.

माझ्या काठावर झेंडूच्या पाकळ्या होत्या, उदबत्तीचा वास होता, आणि मला माझीच शिसारी येत होती. दोनशे पावलांवर माझ्यातूनच टाकलेली ती घाण कुणाच्या तरी पाण्याकडे सरकत होती, आणि इथे माझी पूजा चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणी तरी मला उचलून घासून काढावं. पण घासलेल्याला पुन्हा काय घासणार?

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी प्रार्थना संपत होती तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर एक म्हातारी येऊन उभी राहिली. वस्तीतली बयाबाई. तिच्या एका हातात मडकं, दुसऱ्यात फडक्याची घडी. ती फाटकाच्या आत आली नाही, कुणी येऊही दिलं नसतं. बजरंग मला घेऊन पाचोळा भरत होता, तो तिच्याकडे गेला. माधवरावांनी लांबूनच सांगितलं, "काही असेल तर अर्ज लिहून दे म्हणावं." ज्या बाईला अक्षर ठाऊक नाही, तिला हे सांगितलं.

प्रमोदिनी रांगेतून निघाली आणि फाटकाशी गेली.

बयाबाईने फडक्याची घडी फाटकाच्या दगडावर ठेवली. ती फीत होती, तांबड्या दोऱ्यात 'सेवा' लिहिलेली.

"वाऱ्यानं आली असंल, झिऱ्यात घावली," ती म्हणाली. "कुणाची असंल तर घ्या. धुतल्याली हाय. धुवाय पाणी मातर त्येच हुतं."

प्रमोदिनीने फीत उचलली. तिला वास आला असावा, कारण तिने ती नाकाजवळून झटकन दूर केली.

"आजी, पाणी..." ती म्हणाली.

बयाबाईने मडकं खाली ठेवलं. "हे बगा. चार येळा फडक्यातनं गाळलंय. आमाला कळंना, वास कुटनं येतोय. मग ल्योक वर चढून गेला, तर पुलाखाली ह्यो ढीग. हितल्या पोरांनी टाकला म्हनून टांगेवाल्यानं सांगितलं." ती अगदी सावकाश बोलत होती. "सा जणांना हगवण लागलीया. माझी नात रतन, तिला तीन दिस झालं. डोळं उघडत न्हाई. झुंबर, तिची आई, तिला मांडीवर घिऊन बसलीया. मी भांडाय आले न्हाई. त्ये तिथनं काढा, एवढंच सांगाय आले."

"मीच टाकलं," प्रमोदिनी म्हणाली.

बयाबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुमीच काढा," ती म्हणाली.

प्रमोदिनी माधवरावांच्या खोलीत गेली. खोलीची खिडकी खोपीकडे उघडते, मी सगळं ऐकलं. ती म्हणाली, वस्तीत डॉक्टर पाठवायला हवा, मुलांना घेऊन आत्ताच ओढ्यात उतरायला हवं. माधवरावांनी आधी खोलीचं दार लोटलं. मग म्हणाले, "हे बघ, आजार काय, उन्हाळ्यात दर वर्षी होतात. आपण आता तिथे उपसायला गेलो तर ते आपल्यामुळे झालं असं आपणच सांगितल्यासारखं होईल. शाळेचं नाव आहे. ढाल आहे. चार दिवस जाऊ देत."

"सर, त्यांना आज प्यायला पाणी नाही."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण सगळ्या गोष्टींना रीत असते."

ती बाहेर आली. बजरंगच्या हातातून तिने मला घेतलं, आतला पाचोळा तिथेच ओतला आणि फाटकाबाहेर पडली. जाता जाता तिने बावीस मुलांना विचारलं. गटारात उतरलेली बावीस. त्यातली तीन आली. बाकीच्यांना घरून मनाई होती, किंवा वस्तीकडे जायचं नव्हतं, किंवा आता ढाल मिळाली होती. गंगाधर मात्र फाटकातलं बोलणं ऐकूनच निघाला होता आणि मामाची गाडी घेऊन आधीच पुलाशी उभा होता. बैलाचा खूर बरा झाला होता. तिला लागेल असा एक शब्दही तो बोलला नाही. बजरंग थोडा वेळ फाटकात घुटमळला, मग फावडं खांद्यावर टाकून आला. "नोकरी गेली तर गावाकडं रान हाय," तो स्वतःशीच म्हणाला.

गटार उपसणं सोपं होतं. हे नव्हतं. घाण आता दगडांच्या बेचक्यांत गेली होती, वाळूत मुरली होती, तिच्यात अळ्या झाल्या होत्या. फावडं चालेना, तेव्हा प्रमोदिनी हातांनी खरवडून माझ्यात भरू लागली. या खेपेला ती ओकली नाही. मला वाटतं, तिला किळस येतच होती, पण ती त्या रेंद्याची नव्हती. वरचा ढीग गाडीत गेला, मग वाळू उपसली, मग झिरा तळापर्यंत खरडला. हे करायला तीन दिवस लागले. वस्तीतले बाप्ये पहिला पूर्ण दिवस लांब बसून नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेही उतरले.

आणि पाणी? झिऱ्याला नवं पाणी यायला आठ-दहा दिवस लागणार होते. शाळेची विहीर हाकेच्या अंतरावर भरलेली होती. ती वस्तीसाठी उघडा, असं प्रमोदिनीने विचारून पाहिलं. माधवराव म्हणाले, "पालक पोरांची नावं काढून नेतील." तेव्हा ती स्वतः पोहऱ्याने पाणी शेंदायची आणि घागर कमरेवर घेऊन ओढ्यात उतरायची. दुसरी घागर बजरंग घ्यायचा. दिवसातून दहा-बारा खेपा. गावातल्या बाया दारात उभ्या राहून बघत आणि तोंडाला पदर लावत. गटार उपसताना याच बायांनी तिला शाबासकी दिली होती. घाणीला हात लावला तेव्हा ती गुणाची, माणसांना पाणी दिलं तर ती बाटली. तिच्या वडिलांनी फक्त एवढं म्हटलं, "घरात येताना मागच्या दाराने ये आणि आधी आंघोळ कर." तिला अडवलं मात्र नाही. रेल्वेच्या डॉक्टरांना वस्तीत पाठवलं, तेही त्यांनीच.

पाच जण बरे झाले. रतन दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. अडीच वर्षांची होती. त्या वेळी आम्ही ओढ्यात वाळू उपसत होतो. वरून झुंबरबाईचा आवाज आला आणि सगळी फावडी थांबली. थोड्या वेळाने बयाबाई काठावर आली आणि म्हणाली, "काम थांबवू नका. बाकीच्या पोरांस्नी पानी लागतंय."

प्रमोदिनीने दिपोटी साहेबांना पत्र लिहिलं. जे झालं ते सगळं लिहिलं, ओढ्यात टाकायचं आपण ठरवलं हेही लिहिलं. पत्रासोबत ढाल कापडात गुंडाळून पार्सलने परत पाठवली. माधवरावांना हे नंतर कळलं. त्यांनी तिला मंडळातून काढलं. गंगाधरला प्रमुख हो म्हणाले, तर त्याने नको म्हटलं. मग बाजारातला एक मुलगा प्रमुख झाला आणि त्या वर्षीची पुढची सेवा म्हणून मंडळाने मुंबईकरांच्या बंगल्यांच्या रस्त्याला दुतर्फा गुलमोहर लावले. विहिरीवर मात्र वस्तीतल्या कुणालाच बोलावलं नाही. त्या पहिल्या सभेत मुलांनी इतक्या गोष्टी सुचवल्या, पण विहिरीचं दार उघडावं, हे एकालाही सुचलं नव्हतं. त्याला ना फावडं लागत होतं ना फीत.

झिरा भरला त्या दिवशी प्रमोदिनी वस्तीत गेली. मी तिच्या हातात होतो. ती बयाबाईसमोर उभी राहिली. ती म्हणाली, "आजी, मला माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नाही."

बयाबाई चुलीत काटकी सारत होती. तिने वर पाहिलं नाही.

"माफीचं काय करू मी," ती म्हणाली. "ती काय पाण्यात घालून प्यायची हाय? दर बाजाराला वरनं कोन ना कोन कायतरी टाकतंयच. तुमचं लय हुतं, म्हनून दिसलं. तितं पुलावर कुनीतरी उभं ऱ्हावा. टाकनाऱ्याला सांगा, खाली मानसं पानी पित्यात. आमचं कोन ऐकत न्हाई. तुमचं ऐकतील."

पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रमोदिनी मला घेऊन पुलावर गेली. तिने मला पालथं घातलं आणि माझ्यावर बसली. भाजीवाला सडक्या कांद्यांची पाटी घेऊन आला. ती उठली आणि म्हणाली, "इथे नका टाकू. खाली लोक पाणी भरतात." तो तिच्याकडे बघत राहिला, शिवी पुटपुटला आणि पाटी परत घेऊन गेला. दुसरा आला, तिसरा आला. एका खाणावळीवाल्याने तिच्या देखत बादली ओतली. ती खाली उतरली, सगळं हातांनी गोळा करून माझ्यात भरलं, आणि त्याच्या दुकानाच्या पायरीशी नेऊन ठेवलं. तो पुन्हा आला नाही.

वर्षभर, मॅट्रिकची परीक्षा होईपर्यंत, तिने एकही बाजार चुकवला नाही. पाऊस असला तर डोक्यावर इरलं घ्यायची. वर्गातली पोरं तिला 'पुलाची राखणदारीण' म्हणत. या वेळी ती हसणाऱ्यांकडे पाहतही नसे. कधी कधी गंगाधर येऊन कठड्यावर बसायचा, पण बहुतेक वेळा ती एकटीच असायची, आणि खाली मी.

मित्रांनो, माझ्यात चुना पडला, माती पडली, माझ्या काठावर हार पडला. पण त्या वर्षी मी पालथा पडून नुसतं एका मुलीचं वजन पेललं, तीच माझ्या हातून झालेली खरी सेवा.

मॅट्रिक होऊन ती नर्सचं शिकायला पुण्याला गेली. जायच्या आधी बजरंगकडून मला मागून घेतलं. "भोक पडलंय, टाकूनच द्यायचं हाय," असं तो म्हणाला. तिने मला बयाबाईच्या दारात आणून ठेवलं. तेव्हापासून दर चैत्रात झिऱ्यातली वाळू मी उपसत आलो. मग बुडाला दुसरं भोक पडलं. आता वाळू माझ्यात ठरत नाही. बयाबाईला डोळ्यांनी दिसत नाही. बाजाराच्या दिवशी पुलावर कुणी उभं नसतं, आणि आजही सकाळी पाण्याला थोडा वास होता.

तुमच्या शाळेतही मंडळ असेल. तुम्हीही सभा घ्याल, फळ्यावर सेवेच्या कल्पना लिहाल, झाडू आणि घमेली बाहेर काढाल. मला आनंदच आहे. माझी नवी भावंडं तुमच्या हाती येतील, त्यांना वापरून झाल्यावर पुसून ठेवा. पण काम सुरू करण्याआधी एकदा खालच्या अंगाला जाऊन या. तुम्ही वर जे टाकाल ते खाली कुणाच्या ओंजळीत येतं, ते तिथल्या माणसाला विचारा. आणि गटार उपसायला बावीस जण मिळालेच, तर त्यातल्या एकाला विचारा, की बाजाराच्या दिवशी तासभर पुलावर येऊन बसशील का.

मी वाळूला निकामी झालो आहे, पण बसायला अजून चालतो.